क्लबचा नको असलेला ताबा रोखण्यासाठी शेअर घेताना : नव्या चाहत्यांसाठी मार्गदर्शन

१२ मे २००५ रोजी घोड्यांच्या शर्यतींच्या जगातले दोन बडे आयरिश धनिक, जॉन मॅग्नियर आणि जे. पी. मॅकमॅनस, यांनी मँचेस्टर युनायटेडमधला आपला २८.७ टक्के हिस्सा दर शेअरला ३०० पेन्स या भावाने अमेरिकी उद्योजक माल्कम ग्लेझर यांना विकला आणि त्या एका व्यवहाराने ग्लेझर यांचा हिस्सा सुमारे ५७ टक्क्यांवर गेला. त्याआधी कित्येक महिने ‘शेअरहोल्डर्स युनायटेड’ या संघटनेच्या हाकेला ओ देऊन चाहते आपापल्या ऐपतीप्रमाणे शेअर विकत घेत होते. त्यांचे कष्ट खोटे नव्हते आणि त्यांचे गणितही चुकीचे नव्हते. मात्र निर्णायक गठ्ठा ज्यांच्या हातात होता ते दोघे त्यांच्या गणिताबाहेर राहिले.

आपला क्लब कोणी विकत घेऊ पाहत असेल आणि ‘सगळ्यांनी शेअर घ्या’ अशी हाक आपल्या कानावर आली असेल, तर पैसे भरण्यापूर्वी कोणत्या क्रमाने काय तपासावे आणि काय करावे, हे या लेखात सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः ब्रिटनमधली आहेत, कारण चाहत्यांनी शेअरच्या बळावर दिलेल्या मोठ्या लढती तिथेच झाल्या. कायद्याचे तपशीलही तिथल्या २००६ च्या कंपनी कायद्यातले आहेत. मोठी रक्कम गुंतवायची असेल किंवा संघटना उभारायची असेल, तर त्या त्या देशातल्या वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

पहिली पायरी : क्लब ही कोणत्या प्रकारची कंपनी आहे ते पाहा

बाजारात कोणालाही घेता येतील असे शेअर फार थोड्या क्लबांचे असतात. १९९१ मध्ये मँचेस्टर युनायटेडची लंडनच्या शेअर बाजारात नोंदणी झाली आणि त्या दशकात इंग्लंडमधल्या बऱ्याच क्लबांनी तोच मार्ग धरला. पुढे त्यांतले जवळजवळ सगळे बाजारातून बाहेर पडले. आज ब्रिटनमध्ये ग्लासगोचा सेल्टिक हा लंडनच्या ‘एम’ या लहान कंपन्यांच्या बाजारात टिकून राहिलेला ठळक क्लब आहे. बाकीचे बहुतेक क्लब खासगी कंपन्या आहेत आणि खासगी कंपनीच्या नियमावलीत साधारणपणे दोन अडसर असतात : विकणाऱ्याने आधी विद्यमान भागधारकांना विचारावे लागते आणि झालेल्या हस्तांतराची नोंद करायला संचालक मंडळ नकार देऊ शकते. अशा कंपनीत ‘शेअर घ्या’ या मोहिमेला अर्थ उरत नाही. तिथे एखाद्या जुन्या भागधारकाशी वाटाघाट करूनच वाट काढावी लागते.

हे तपासणे अवघड नाही. ब्रिटनच्या कंपनी निबंधकाच्या, म्हणजे ‘कंपनीज हाउस’च्या, संकेतस्थळावर क्लबच्या कंपनीचे नाव टाकले की नियमावली, वार्षिक हिशेब, संचालकांची यादी आणि २५ टक्क्यांहून अधिक नियंत्रण असलेल्यांची नोंद विनामूल्य पाहता येते. नियमावली कंटाळवाणी असते, तरीही ती शेवटपर्यंत वाचावी. शेअर एकाच प्रकारचे आहेत की वेगवेगळ्या प्रकारांचे, प्रत्येक शेअरला मत आहे का आणि हस्तांतरावर कोणते निर्बंध आहेत, या तीन प्रश्नांची उत्तरे तिथेच मिळतात. एखाद्या क्लबची मालकी असलेली कंपनी दुसऱ्याच देशात नोंदलेली असू शकते, म्हणून मालकीची साखळी वरपर्यंत तपासावी.

शेअरच्या प्रकाराचा मुद्दा किती महत्त्वाचा आहे हे आजच्या मँचेस्टर युनायटेडकडे पाहिले की कळते. २०१२ पासून या क्लबचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आहेत, कंपनी केमन बेटांवर नोंदलेली आहे आणि तिच्या ‘ब’ वर्गाच्या प्रत्येक शेअरला ‘अ’ वर्गाच्या शेअरच्या दहापट मते आहेत. बाजारात ‘अ’ वर्गाचेच शेअर मिळतात. पुण्यात किंवा ठाण्यात बसलेला युनायटेडचा चाहता रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, म्हणजे आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, हे शेअर कायदेशीरपणे घेऊ शकतो. घेण्याला हरकत नाही. मात्र त्यांच्या बळावर मालकाला रोखता येईल, असे समजून ते विकत घेऊ नयेत.

आपल्याकडच्या क्लबांविषयीही इथेच सांगितलेले बरे. मुंबई सिटी एफसीचा ६५ टक्के हिस्सा २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मूळ कंपनीने, सिटी फुटबॉल ग्रुपने, घेतला तेव्हा मुंबईतल्या चाहत्याला त्यात मत देण्याची सोयच नव्हती. भारतीय कायद्यानुसार खासगी कंपनीचे सभासद २०० पेक्षा जास्त असू शकत नाहीत, तिच्या शेअर हस्तांतरावर निर्बंध असतात आणि तिला जनतेकडून भांडवल मागता येत नाही. त्यामुळे मुंबईत काय किंवा गोव्यात काय, खासगी कंपनीच्या रूपात चालणाऱ्या क्लबाच्या चाहत्यांना शेअरचा मार्ग सध्या बंद आहे. विशेष ठरावासाठी तीन चतुर्थांश मतांची अट मात्र भारतातही तशीच आहे, म्हणून पुढच्या गणिताचा काही भाग इथल्या कोणत्याही कंपनीला लागू पडतो.

जर्मनीतल्या क्लबाविषयी विचार चालू असेल, तर शेअर घेण्याऐवजी सभासद व्हावे. तिथे १९९८ पासून चालत आलेल्या ‘५० अधिक १’ या नियमानुसार, काही अपवाद सोडल्यास, मतांचे बहुमत सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहते. बोरुसिया डॉर्टमुंडचे शेअर बाजारात मिळतात, पण कंपनीचा कारभार ज्या भागीदार कंपनीकडे आहे ती सभासदांच्या संस्थेच्या ताब्यात आहे. स्पेनमध्ये बार्सेलोना, रेआल माद्रिद, अॅथलेटिक बिल्बाओ आणि ओसासुना हे चार क्लब अजूनही सभासदांचेच आहेत; तिथे विकत घ्यायला शेअरच नाहीत.

दुसरी पायरी : मोठे गठ्ठे कोणाकडे आहेत ते शोधा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे ठाम मत आहे, आणि नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात. आपण किती शेअर घेऊ शकतो हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की खरेदीदाराला आपला हिस्सा विकू शकेल असा मोठा भागधारक कोण आहे आणि तो कोणत्या भावाला विकेल.

आर्सेनलची कथा या दृष्टीने फार शिकवून जाते. या क्लबचे एकूण शेअर ६२,२१७ होते आणि एका शेअरची किंमत हजारो पौंडांत असल्यामुळे सामान्य चाहत्याला तो परवडत नसे. म्हणून आर्सेनल सपोर्टर्स ट्रस्ट या चाहत्यांच्या संघटनेने २०१० मध्ये ‘फॅनशेअर’ योजना सुरू केली. तिच्यात एका शेअरचा शंभरावा भाग घेता येत असे. २०११ मध्ये अमेरिकी उद्योजक स्टॅन क्रोएंके यांनी डॅनी फिझमन आणि नीना ब्रेसवेल-स्मिथ या मोठ्या भागधारकांचे हिस्से घेऊन बहुमत मिळवले, तरीही पुढची सात वर्षे लहान भागधारक आपल्या जागी राहिले, वार्षिक सभेला जात राहिले आणि मालकाच्या प्रतिनिधींना प्रश्न विचारत राहिले. याचे कारण चाहत्यांची ताकद नव्हती. अलिशेर उस्मानोव्ह या दुसऱ्या अब्जाधीशाकडे ३० टक्के हिस्सा होता आणि तो विकायला तयार नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांनी तो सुमारे ५५ कोटी पौंडांना क्रोएंके यांना विकला आणि त्यानंतर उरलेल्या प्रत्येक लहान भागधारकाचा शेअर, ट्रस्टचे शेअर धरून, सुमारे २९ हजार पौंड दराने सक्तीने घेण्यात आला. इच्छा असो वा नसो, शेअर द्यावेच लागले.

मँचेस्टरमध्ये मॅग्नियर-मॅकमॅनस आणि लंडनमध्ये उस्मानोव्ह, दोन्ही ठिकाणी लहान भागधारक एका मोठ्या भागधारकाच्या आडोशाला उभे होते. असा आडोसा असेल तर त्याच्याशी शक्य तितक्या लवकर बोलावे. तो आपला मित्र आहे असे गृहीत धरू नये. त्याला लेखी काय मान्य आहे ते पाहावे : विकण्यापूर्वी चाहत्यांच्या ट्रस्टला सूचना देईल का, ठरावीक मुदतीत तोच भाव देण्याची संधी ट्रस्टला देईल का. अशा कराराला नाही म्हटले गेले, तरी त्या नकारातून त्याचा कल समजतो आणि तो समजणे उपयोगाचे असते.

भागधारकांची संपूर्ण नोंदवही पाहण्याचा हक्क ब्रिटनमध्ये आहे. त्यासाठी कारण नमूद करून लेखी विनंती करावी लागते. कंपनीने पाच कामकाजाच्या दिवसांत नोंदवही दाखवावी किंवा न्यायालयात जाऊन विनंती अयोग्य असल्याचे पटवून द्यावे, असा नियम आहे. या नोंदवहीत अनेक जुने पत्ते, मृत व्यक्तींची नावे आणि आजोबांनी हौसेने घेतलेले चार-दोन शेअर सापडतात. असे शेअर वारसांच्या नावावर करून घेण्याचे काम किचकट आहे, पण एकही पेनी न गुंतवता मते वाढवण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मोहिमेतल्या कागदपत्रांची आवड असलेल्या एखाद्या व्यक्तीला हेच काम द्यावे.

तिसरी पायरी : कोणत्या टक्क्याला काय मिळते ते समजून घ्या

शेअरची ताकद सरळ रेषेत वाढत नाही. ती ठरावीक टप्प्यांवर उडी घेते. दोन टप्प्यांच्या मध्ये कितीही शेअर घेतले, तरी फारसा फरक पडत नाही.

एक शेअर नोंदवहीत आपल्या नावावर असला की वार्षिक सभेला जाण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि मत देण्याचा हक्क मिळतो. मतदानाच्या हक्कांपैकी ५ टक्के एकत्र असतील, तर विशेष सभा बोलावण्यास भाग पाडता येते. सार्वजनिक (पब्लिक लिमिटेड) कंपनीच्या वार्षिक सभेत ठराव मांडण्यासाठी तेवढे पुरते किंवा १०० भागधारकही पुरतात, मात्र त्या शंभरांनी सरासरी प्रत्येकी किमान १०० पौंडांचे भांडवल भरलेले असले पाहिजे. चाहत्यांकडे पैसे कमी आणि माणसे जास्त असल्यामुळे ही शंभर जणांची तरतूद त्यांच्यासाठी फार मोलाची आहे.

पुढचा टप्पा २५ टक्क्यांहून थोडा जास्त. कंपनीचे अनेक मूलभूत निर्णय विशेष ठरावाने होतात आणि त्याला दिलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणून चतुर्थांशाहून अधिक मते विरोधात असतील, तर तो ठराव पडतो. २००४-०५ मध्ये चाहत्यांचे लक्ष या आकड्यावर होते ते एका नेमक्या कारणाने. ग्लेझर यांची खरेदी मोठ्या प्रमाणावर कर्जावर उभी होती आणि ते कर्ज क्लबच्याच मालमत्तेवर टाकायचे होते. सार्वजनिक कंपनीला स्वतःचे शेअर विकत घेण्यासाठी दुसऱ्याला आर्थिक साहाय्य देण्यास मनाई असल्यामुळे आधी क्लब खासगी कंपनीत बदलावा लागणार होता आणि त्याला विशेष ठराव लागणार होता. म्हणजे २५ टक्के विरोधात उभे राहिले असते, तर खरेदी झाली असती, पण तिचे ओझे क्लबच्या डोक्यावर टाकणे अवघड झाले असते. १६ मे २००५ रोजी ग्लेझर यांनी ७५ टक्क्यांची रेषा ओलांडली आणि तो दरवाजा बंद झाला.

या टप्प्याला जोडलेली एक तरतूद मोहिमांच्या पत्रकांत सहसा दिसत नाही. सार्वजनिक कंपनीला खासगी करण्याचा ठराव मंजूर झाला, तरी त्याच्या बाजूने मत न दिलेले ५ टक्क्यांचे धारक किंवा ५० सभासद २८ दिवसांच्या आत तो रद्द करण्यासाठी न्यायालयात अर्ज करू शकतात. न्यायालय तो मान्य करीलच असे नाही, मात्र वेळ मिळतो आणि कर्जावर चालणाऱ्या खरेदीदाराला वेळ महाग पडतो.

शेवटचा टप्पा ९० टक्क्यांचा. खरेदी प्रस्ताव ज्या शेअरांसाठी दिलेला आहे त्यांपैकी ९० टक्के खरेदीदाराला मिळाले की उरलेले शेअर तो सक्तीने घेऊ शकतो. यातली खोच अशी, की प्रस्तावापूर्वीच खरेदीदाराकडे असलेले शेअर या हिशेबात धरले जात नाहीत. खरेदीदाराकडे आधीच ४० टक्के असतील, तर ९० टक्के मोजायचे ते उरलेल्या ६० टक्क्यांचे. त्यामुळे एकूण ६ टक्क्यांहून अधिक शेअर न विकता धरून ठेवणाऱ्यांनाही सक्तीची खरेदी रोखता येते. चाहत्यांनी आपले लक्ष्य ठरवताना हा हिशेब मांडावा, कारण २५ टक्के बहुधा आवाक्याबाहेर असतात.

खरेदीदाराच्या बाजूनेही टप्पे असतात आणि त्यांच्यावरून त्याचा हेतू वाचता येतो. ग्लेझर यांनी मार्च २००३ मध्ये सुरुवात केली ती २.९ टक्क्यांनी, म्हणजे हिस्सा जाहीर करण्याच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेच्या किंचित खाली. २००४ च्या ऑक्टोबरपर्यंत ते ३० टक्क्यांच्या किंचित खाली येऊन थांबले, कारण ३० टक्के गाठले की सर्व भागधारकांना गेल्या बारा महिन्यांत दिलेल्या सर्वोच्च भावाने प्रस्ताव देणे बंधनकारक होते. कोणी अशा रेषांच्या अगदी अलीकडे येऊन थांबत असेल, तर त्याला केवळ गुंतवणूकदार समजू नये.

चौथी पायरी : एकट्याने घेऊ नका, ट्रस्ट उभारा

विखुरलेले शेअर मतदानाच्या दिवशी हाताशी लागत नाहीत. त्यासाठी ब्रिटनमध्ये चाहत्यांचे ट्रस्ट आहेत. पहिला ट्रस्ट १९९२ मध्ये नॉर्थॅम्प्टन टाउनच्या चाहत्यांनी स्थापन केला. त्याचे प्रणेते ब्रायन लोमॅक्स पुढे २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘सपोर्टर्स डायरेक्ट’ या संस्थेचे प्रमुख झाले. ती संस्था आता फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशनमध्ये विलीन झाली आहे आणि नव्या ट्रस्टला नियमांचा आयता मसुदा व मार्गदर्शन तिथून मिळते. ट्रस्टची नोंदणी साधारणपणे समाजहितकारी सहकारी संस्था म्हणून होते. महाराष्ट्रातल्या वाचकाला तिचा गाभा लगेच ओळखीचा वाटेल, कारण आपल्या साखर कारखान्यांत आणि पतसंस्थांत चालतो तोच नियम तिथे आहे : वर्गणी कितीही असो, एका सभासदाला एकच मत.

ट्रस्टच्या नियमांत तीन गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून घ्याव्यात. गोळा झालेल्या पैशातून शेअर कोण, कधी आणि कोणत्या कमाल भावाने घेईल. ट्रस्टचे शेअर विकायचे असतील तर सभासदांचे किती मताधिक्य लागेल. आणि मोहीम फसली तर पैसे कोणाला परत जातील. तिसरा प्रश्न आनंदाच्या भरात विचारला जात नाही आणि नंतर त्यावरूनच भांडणे होतात.

स्वॉन्झी सिटीच्या ट्रस्टचा अनुभव इथे वाचण्यासारखा आहे. तिथल्या चाहत्यांनी क्लब बुडण्याच्या बेतात असताना सुमारे २० टक्के हिस्सा मिळवला, क्लब प्रीमियर लीगपर्यंत गेला आणि त्या मालकी रचनेचे सर्वत्र कौतुक झाले. २०१६ मध्ये इतर भागधारकांनी आपले हिस्से स्टीव्ह कॅप्लन आणि जेसन लेव्हिन यांच्या गटाला विकले. त्या व्यवहारात आपल्याला डावलून भागधारकांच्या कराराचा भंग झाला, असे ट्रस्टचे म्हणणे होते. तो वाद २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. करारात हक्क लिहिलेला असणे आणि तो वेळेवर बजावता येणे यांत अंतर असते. म्हणून ट्रस्टकडे करारासोबतच वकिलाच्या फीसाठी राखीव निधी असला पाहिजे.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. ब्रिटनच्या अधिग्रहण संहितेनुसार एखादा प्रस्ताव हाणून पाडण्यासाठी परस्पर समजुतीने वागणारे लोक ‘एकत्र कृती करणारे’ ठरू शकतात. तसे ठरल्यास त्यांचे शेअर एकत्र मोजले जातात. त्यांची बेरीज ३० टक्क्यांवर गेली, तर त्यांच्यावरच प्रस्ताव देण्याची जबाबदारी येऊ शकते. प्रस्तावाच्या काळात १ टक्का किंवा अधिक हिस्सा असलेल्याला आपले व्यवहारही जाहीर करावे लागतात. २०२५ पासून ही संहिता मुख्यतः ब्रिटनच्या बाजारात नोंदलेल्या आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या कंपन्यांपुरती राहिली आहे. आपला क्लब तिच्या कक्षेत येतो का, हे पैसे गोळा करण्याआधी विचारून घ्यावे.

पाचवी पायरी : शेअर कोणाच्या नावावर राहील ते ठरवा

ऑनलाइन दलालाकडून शेअर घेतला की तो आपल्या खात्यात दिसतो; कंपनीच्या नोंदवहीत मात्र बहुतेक वेळा दलालाच्या कंपनीचे नाव असते. भारतातल्या डिमॅट खात्याची सवय असलेल्यांच्या हे लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे डिमॅट खातेदारच लाभधारक सभासद मानला जातो. ब्रिटनमध्ये दलालाच्या नावावरच्या शेअरचे मत दलालामार्फत द्यावे लागते, त्याची मुदत सभेच्या बरीच आधी संपते आणि काही दलाल त्यासाठी शुल्कही घेतात.

म्हणून शक्य असेल तर कागदी प्रमाणपत्र घ्यावे किंवा ट्रस्टच्या नावावर शेअर ठेवावा. स्वतःच्या नावाचा आणखी एक फायदा आहे. हल्ली अनेक कंपन्या न्यायालयाच्या मंजुरीने होणाऱ्या योजनेद्वारे विकल्या जातात. तिथे मत देणाऱ्यांच्या मूल्याने ७५ टक्के आणि त्याबरोबर डोक्यांनीही बहुमत लागते. या डोकेमोजणीत दलालाच्या नावाखालचे शेकडो चाहते एकच डोके ठरतात. मात्र या तरतुदीचा गैरवापर करू नये. २०१७ मध्ये डी व्हॅली या पाणीपुरवठा कंपनीच्या प्रकरणात एका भागधारकाने आपले शेअर चारशेहून अधिक लोकांत एकेक वाटून डोकी वाढवली होती. सभाध्यक्षांनी ती मते बाद धरली आणि न्यायालयाने ते योग्य ठरवले. शेअर आपल्या पैशाने आणि वेळेवर घेतलेला असावा.

सहावी पायरी : सभेला जा आणि मत द्या

ठरावाचा निकाल दिलेल्या मतांवर लागतो, घरी राहिलेल्यांची मते मोजली जात नाहीत. नोव्हेंबर २००४ च्या सभेत ग्लेझर यांच्याकडे ३० टक्क्यांहून कमी हिस्सा होता, तरीही त्यांनी मॉरिस वॉटकिन्स, अँडी अॅन्सन आणि फिलिप यी या तीन संचालकांची फेरनिवड हाणून पाडली. हीच युक्ती चाहत्यांनाही वापरता येते. सभेला जाता येत नसेल तर प्रतिनिधीचा अर्ज भरून ट्रस्टच्या माणसाला मत देण्याचा अधिकार द्यावा. हा अर्ज सभेच्या साधारण ४८ तास आधी पोहोचावा लागतो. प्रश्न थोडके आणि आकड्यांविषयी असावेत : खरेदीसाठी कर्ज किती, त्याचे व्याज कोण भरणार, स्टेडियम तारण ठेवले जाणार का. संचालकांनी दिलेली उत्तरे लिहून ठेवावीत. पुढे पत्रकारांना आणि नियामकांना तीच उपयोगी पडतात.

सातवी पायरी : प्रस्ताव आल्यावर घाई करू नका

संहितेखाली संभाव्य खरेदीदाराचे नाव जाहीर झाल्यापासून त्याला २८ दिवसांत पक्का प्रस्ताव मांडावा लागतो किंवा माघार घ्यावी लागते. ही मुदत वाढवताही येते. पक्का प्रस्ताव आल्यावर तो किमान २१ दिवस खुला राहतो. या काळात घरी स्वीकृतीचा अर्ज येतो. न विकण्यासाठी काहीच करावे लागत नाही, हे आपल्या सभासदांना वारंवार सांगावे, कारण सरकारी दिसणारा कागद पाहून वयस्क भागधारक सही करून मोकळे होतात.

याच काळात शेअरबाहेरच्या आघाड्यांवर जोर द्यावा. १९९८ मध्ये रुपर्ट मरडॉक यांच्या बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने युनायटेडसाठी ६२.३ कोटी पौंडांचा प्रस्ताव दिला आणि क्लबच्या संचालक मंडळाने तो स्वीकारला, तेव्हा चाहत्यांकडे अडवण्याइतके शेअर मुळीच नव्हते. त्यांनी भागधारक म्हणून मिळालेली जागा वापरून मक्तेदारी व विलीनीकरण आयोगापुढे अभ्यासपूर्ण निवेदने दिली आणि एप्रिल १९९९ मध्ये व्यापारमंत्री स्टीफन बायर्स यांनी आयोगाच्या अहवालावरून तो व्यवहार रोखला. माझ्या मते शेअरचा सर्वांत चांगला उपयोग तोच झाला. आज तशी सार्वजनिक हिताची व्यापक कसोटी विलीनीकरणांना लागत नाही. त्याऐवजी २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने इंग्लंडमध्ये स्वतंत्र नियामक आला आहे. तो पुरुष फुटबॉलच्या वरच्या पाच स्तरांतल्या मालकांची योग्यता आणि पैशाचा स्रोत तपासतो. चाहत्यांना मालक आवडत नाही, एवढे कारण त्याला पुरत नाही. कर्जाचे आकडे दाखवणारे निवेदन मात्र तो वाचेल. याशिवाय स्टेडियमची ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून स्थानिक परिषदेकडे नोंद करून घ्यावी, जशी २०१३ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डची झाली. त्यामुळे क्लबची विक्री थांबत नाही, पण मैदान विकायला काढल्यास समाजगटाला बोली लावण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळतो.

आठवी पायरी : हरलो तर शेअरचे काय करायचे

खरेदीदाराला बहुमत मिळाले, पण ९० टक्के मिळाले नाहीत, तर शेअर ठेवायचा की विकायचा याचा निर्णय करावा लागतो. बाजारातून नाव काढले गेले की शेअरला गिऱ्हाईक उरत नाही आणि लाभांश देणे मालकाच्या मर्जीवर राहते. ज्याने निवृत्तीचे पैसे घातले असतील त्याने संकोच न करता विकावे; उसने पैसे काढून तर या मोहिमेत मुळीच शेअर घेऊ नये. ज्याला ती रक्कम गेली तरी चालणार आहे, त्याने ठेवावा.

९० टक्के झाल्यावर निवड उरत नाही. सक्तीच्या खरेदीची नोटीस येते आणि साधारण सहा आठवड्यांनी शेअर हस्तांतरित होतो. युनायटेडचे शेअर २२ जून २००५ रोजी बाजारातून निघाले आणि महिनाअखेरीस ग्लेझर यांच्याकडे सुमारे ९८ टक्के हिस्सा होता. आपले पैसे मिळण्यासाठी पत्ता आणि बँकेचा तपशील कंपनीची भागधारक नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडे अद्ययावत असावा, नाहीतर रक्कम बेवारस खात्यात पडून राहते. दलालाच्या नावावर शेअर असेल तर पैसे दलालाकडे येतात. ट्रस्टच्या शेअरांचे पैसे ट्रस्टकडे जातात आणि पुढे काय करायचे ते पहिल्या दिवशी लिहिलेल्या नियमानुसार सभासद ठरवतात. मँचेस्टरमधल्या काही चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःच्या मालकीचा क्लब काढून अगदी खालच्या लीगपासून सुरुवात केली. इतर अनेक जण ओल्ड ट्रॅफर्डवर जात राहिले. त्यांची संघटना पुढे मँचेस्टर युनायटेड सपोर्टर्स ट्रस्ट या नावाने काम करत राहिली आणि २०२१ मध्ये युरोपियन सुपर लीग या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेचा बेत फसल्यावर चाहत्यांसाठी मालकांइतक्याच मताधिकाराचे शेअर काढण्याविषयी तिनेच क्लबशी वाटाघाटी केल्या. ते शेअर अद्याप चाहत्यांच्या हाती आलेले नाहीत.